मैलापाणी, कसब आणि अधिकार

(मैलाशुद्धीकरण केंद्रांतील कामगारांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देशातील शहरांतून दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी बाहेर पडते, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा २०२०-२१ चा अंदाज आहे. ते शुद्ध करण्यासाठी उभारलेल्या केंद्रांची एकूण क्षमता त्या वेळी ३१,८४१ दशलक्ष लिटर होती आणि प्रत्यक्ष शुद्ध होत होते ते सुमारे २०,२०० दशलक्ष लिटर. पहिल्या दोन आकड्यांमधील अंतरावर पुष्कळ चर्चा होते. नवी केंद्रे हवीत, निधी हवा, असे ठराव होतात, कोनशिला बसतात. १९ जानेवारी २०२३ रोजी मुंबईत एकाच दिवशी सात केंद्रांची पायाभरणी झाली. खर्च सुमारे १७,२०० कोटी रुपये, क्षमता सुमारे २,४६० दशलक्ष लिटर. परंतु दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यांतील अंतराविषयी कोणी बोलत नाही. पैसा खर्च झाला, टाक्या बांधल्या, यंत्रे बसली आणि तरीही उभारलेल्या क्षमतेचा एक तृतीयांशाहून अधिक भाग वाया जातो, तो का?

याची कारणे अनेक आहेत. कोठे मलवाहिन्याच केंद्रापर्यंत पोहोचलेल्या नाहीत, कोठे विजेचे बिल भरण्यास नगरपालिकेजवळ पैसे नाहीत. परंतु एक कारण अहवालांच्या तळटीपांतही क्वचितच सापडते. ते म्हणजे केंद्र चालविणारा माणूस. तो कोण आहे, त्याला काय येते, त्याने काय शिकावे अशी समाजाची अपेक्षा आहे आणि शिकल्यावर त्याला काय मिळते, हे प्रश्न शासनाने कधी गंभीरपणे विचारलेलेच नाहीत.

हे काम बिनडोक आहे, अशी एक समजूत सर्वत्र रूढ आहे. पंप सुरू करावयाचा, बंद करावयाचा, जाळीत अडकलेला कचरा काढावयाचा, यात शिकण्यासारखे काय आहे, असे विचारले जाते. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. मैलाशुद्धीकरण केंद्र हा यंत्रांचा कारखाना नसून जिवंत प्राण्यांचा गोठा आहे, हे ज्याला समजले त्यालाच ते चालविता येते. मँचेस्टर नगरपालिकेच्या डेव्हीहुल्म येथील केंद्रात एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट हे दोन रसायनतज्ज्ञ काम करीत. बाटलीत मैलापाणी घेऊन त्यांनी त्यात हवा सोडली. पाणी पूर्ण शुद्ध होण्यास सुमारे पाच आठवडे लागले. पण तळाशी बसलेला गाळ त्यांनी फेकला नाही. तो तसाच ठेवून वर नवे मैलापाणी ओतले, पुन्हा हवा सोडली आणि हा क्रम चालू ठेवला. गाळातील जिवाणू वाढत गेले आणि पाच आठवड्यांचे काम अखेर चोवीस तासांत होऊ लागले. १९१४ मध्ये त्यांनी हा शोध जाहीर केला. या कामाला चालना देणारे गिल्बर्ट फाउलर पुढे १९१६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. आज जगभर शहरांचे मैलापाणी शुद्ध होते ते मुख्यत्वे याच तत्त्वावर. हा शोध कोणा भांडवलदाराच्या प्रयोगशाळेत लागला नाही, तर नगरपालिकेच्या नोकरांनी नगरपालिकेच्याच केंद्रात लावला, ही गोष्ट समाजवादी विचाराच्या माणसाने विसरू नये.

आता या कामातील कसबाच्या पायऱ्या पाहू.

पहिली पायरी जाळीची आणि पंपाची. येणाऱ्या पाण्यातील चिंध्या, प्लास्टिक, वाळू वेगळी करणे, पंपाच्या बेअरिंगचा आवाज ओळखणे, नोंदवहीत खरे आकडे लिहिणे. याच पायरीवर जिवाचे ज्ञानही शिकावे लागते. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू थोडा असतो तेव्हा नाकाला कळतो. त्याचे प्रमाण वाढले की नाकाची जाणीवच बधिर होते. वास थांबला म्हणजे वायू गेला असे समजून जो टाकीत उतरतो, तो परत येत नाही. हे ज्ञान ‘अकुशल’ म्हणता येईल काय?

दुसरी पायरी हवेच्या टाकीची. तेथील जिवाणूंना प्राणवायू हवा. साधारणपणे लिटरला दोन मिलिग्रॅम विरघळलेला असावा लागतो. कमी पडला तर जिवाणू गुदमरतात, जास्त झाला तर वीज फुकट जाते. केंद्राच्या एकूण विजेचा मोठा भाग एकटे ब्लोअर खातात, म्हणून त्यांच्या कळीवर ज्याचा हात आहे त्याच्या हाती नगरपालिकेची तिजोरीही आहे. जाणता चालक टाकीतील पाणी एक लिटरच्या नळकांड्यात घेतो, अर्धा तास स्थिर ठेवतो आणि गाळ किती खाली बसला ते पाहतो. फेस पांढरा आणि हलका असेल तर गाळ कोवळा आहे. तपकिरी आणि तेलकट असेल तर जुना झाला आहे. किती गाळ परत फिरवावा आणि किती काढून टाकावा, याचा निर्णय या निरीक्षणांतून होतो.

तिसरी पायरी निदानाची. गाळ बसत नाही, निवळण टाकीच्या काठावरून पाण्याबरोबर वाहून जातो, तर तो का? सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला की तंतूसारखे जिवाणू माजलेले दिसतात, किंवा नेहमी दिसणारे सूक्ष्म प्राणी एकाएकी नाहीसे झालेले दिसतात. रात्री कोणी कारखान्याच्या आम्लाचा टँकर गटारात रिकामा केला असेल, तर त्याची पहिली खबर प्रदूषण मंडळाला लागत नाही, सकाळच्या पाळीच्या चालकाला लागते. महिनोन्‌महिने जोपासलेला गाळ एका रात्रीत मरतो आणि तो पुन्हा वाढविण्यास कित्येक आठवडे जातात. चौथी पायरी सबंध केंद्राच्या जबाबदारीची. गाळ कुजविण्याची टाकी, तिच्यातून निघणारा ज्वालाग्राही वायू, पावसाळ्यात दुप्पट-तिप्पट येणारे पाणी, माणसांची सुरक्षितता, हे सर्व या पायरीवर येते. येथे चालकाला नुसते ज्ञान पुरत नाही. ‘आज कोणीही टाकीत उतरणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकारही लागतो.

अन्य देशांनी या पायऱ्या कायद्यात लिहिल्या आहेत. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने १९१८ मध्येच केंद्रचालकांना परवाना सक्तीचा केला. कॅलिफोर्नियात चालकांच्या पाच श्रेणी आहेत. प्रत्येक श्रेणीला ठरावीक अनुभव आणि परीक्षा आहे. त्याबरोबर केंद्रांचेही वर्ग पाडलेले असून ज्या वर्गाचे केंद्र, निदान त्या श्रेणीचा मुख्य चालक तेथे असलाच पाहिजे. जाळीवर काम सुरू करणारा मनुष्य परीक्षा देत देत सबंध केंद्राचा प्रमुख होऊ शकतो. अमेरिका हा कामगारांचा स्वर्ग नव्हे, हे वेगळे सांगावयास नको. परंतु भांडवलशाही देशालाही जी गोष्ट व्यवहार म्हणून पटली, ती समतेची घोषणा करणाऱ्या आपल्या प्रजासत्ताकाला अद्याप का पटू नये?

आपल्याकडे पायऱ्या नाहीत असे नाही. किमान वेतनाच्या दरपत्रकात अकुशल, अर्धकुशल आणि कुशल असे तीन शब्द आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून रसायन कारखान्यासाठी ‘अटेंडंट ऑपरेटर’ तयार होतात. सांडपाणी केंद्राचे छोटे अभ्यासक्रमही निघाले आहेत. परंतु हे सर्व एकमेकांना जोडलेले नाही. पंधरा वर्षे काम केलेला मनुष्य कागदोपत्री ‘हेल्पर’च राहतो. प्रत्यक्षात नवा डिप्लोमाधारक अभियंता त्याच्याच सल्ल्याने केंद्र चालवितो आणि अहवालावर सही मात्र स्वतः करतो. शिडी आहे; तिची खालची पायरी आहे आणि वरची पायरीही आहे. मधल्या पायऱ्या तेवढ्या नाहीत.

त्या का नाहीत, याचे उत्तर अर्थशास्त्रात जितके आहे तितकेच जातिव्यवस्थेत आहे. जात ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हा भेद बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखविला. मैलाशुद्धीकरण केंद्र हे त्याचे काँक्रीटमध्ये बांधलेले उदाहरण आहे. जाळीजवळ आणि गाळाजवळ ज्या समाजांची मुले दिसतात, त्या समाजांची मुले नियंत्रण कक्षात विरळाच दिसतात. डोक्यावरची पाटी गेली आणि तिच्या जागी पंप आला. माणूस मात्र तोच राहिला. यंत्राने काम बदलते, पण मधल्या पायऱ्या नसतील तर जात बदलत नाही.

महाराष्ट्रात या कामाला प्रतिष्ठा मिळवून देण्याचे थोर प्रयत्न झाले आहेत. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करण्याचा हक्क मिळावा म्हणून अन्नत्याग केला. त्या त्यागापुढे कोणीही नतमस्तक व्हावे. परंतु सवर्णाने स्वेच्छेने झाडू हाती घेतल्याने झाडूची प्रतिष्ठा वाढते, झाडूवाल्याची वाढतेच असे नाही. त्याची प्रतिष्ठा वाढते ती त्याच्या ज्ञानाला नाव, नावाला वेतन आणि वेतनाबरोबर अधिकार मिळाला म्हणजे. सद्भावनेच्या पुढचे हे पाऊल आहे आणि ते टाकण्याची जबाबदारी कामगार चळवळीची आहे.

दुसरा अडसर कंत्राटाचा. केंद्र चालविण्याचे काम ठेकेदाराकडे जाते. ठेका संपतो, नवा ठेकेदार येतो. माणसे बहुधा तीच राहतात, पण त्यांची सेवा पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाते. ज्या कामात पावसाळ्यामागून पावसाळे पाहिल्याशिवाय जाण येत नाही, त्या कामात अनुभव दर ठेक्याला शून्यावर आणण्याइतका दुसरा मूर्खपणा नाही. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. संहितेने आस्थापनेच्या गाभ्याच्या कामात कंत्राटी पद्धतीला मनाई केली, पण त्याचबरोबर पळवाटाही ठेवल्या. स्वच्छतेचे काम गाभ्याचे नव्हे, असे ती म्हणते. मात्र आस्थापना त्याच कामासाठी स्थापन झालेली नसेल तरच. मैलापाण्याची विल्हेवाट हे महापालिकेचे कायद्याने बंधनकारक कर्तव्य आहे. मग ते गाभ्याचे काम नव्हे, असे कोणती महापालिका म्हणू शकेल? संघटनांनी हा युक्तिवाद लढविला पाहिजे. मुंबईच्या कचरा वाहतूक श्रमिक संघाने २,७०० कंत्राटी कामगारांच्या कायम नोकरीचा लढा २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेऊन जिंकला, हे उदाहरण डोळ्यांपुढे आहे.

कसबाला अधिकार नसला म्हणजे काय होते, याचा हिशेब माणसांच्या प्राणांत मांडावा लागतो. १९ जुलै २०२३ रोजी उत्तराखंडात चमोली येथे अलकनंदेच्या काठावरील मैलाशुद्धीकरण केंद्रात विजेचा प्रवाह लोखंडी कठड्यांत उतरला. रात्री केंद्रावरील एक कर्मचारी मरण पावला होता. त्याच्या मृत्यूची चौकशी करण्यासाठी सकाळी माणसे जमली असता पुन्हा प्रवाह आला. एकूण सोळा जण दगावले. मृत्यू झालेल्या जागी वीज पूर्णपणे तोडल्याची खात्री होईपर्यंत कोणाला पाऊल टाकू द्यावयाचे नाही, हा नियम कोणत्याही जाणत्या वायरमनला ठाऊक असतो. तो अमलात आणण्याचा अधिकार मात्र कोणाकडे तरी असावा लागतो. एप्रिल २०२४ मध्ये विरार येथे एका गृहसंकुलाच्या सांडपाणी केंद्रात उतरलेले चार कामगार गुदमरून मेले. असे काम माणसाकडून करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई केली आहे; सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख रुपये आणि २०२३ मध्ये तीस लाख रुपये भरपाई ठरविली. भरपाईची रक्कम तिप्पट झाली. ‘उतरत नाही’ असे म्हणून नोकरी टिकविण्याची ताकद मात्र किती वाढली?

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. राज्य शासनाने मैलाशुद्धीकरण केंद्रांचे वर्ग पाडावेत आणि चालकांच्या श्रेणी कायद्याने ठरवाव्यात. योग्य श्रेणीचा चालक प्रत्येक पाळीत हजर नसेल तर प्रदूषण मंडळाने त्या केंद्राला संमती देऊ नये. श्रेणीची परीक्षा मराठीतून व्हावी, ती मुख्यतः टाकीच्या काठावर घेतली जावी आणि पूर्वीचा अनुभव, मग तो कितीही ठेकेदारांकडे झालेला असो, त्यात धरला जावा. जाळीवरच्या माणसाला शिक्षणासाठी पगारी रजा मिळावी. श्रेणीबरोबर वेतन वाढावे. आणि श्रेणीप्राप्त चालकाने लेखी दिलेला ‘काम धोकादायक आहे’ हा शेरा मुख्याधिकाऱ्यालाही डावलता येऊ नये.

यावर, खर्च कोठून आणावयाचा, असा प्रश्न येईल. त्याचे उत्तर नागपूरजवळ मिळेल. तेथे भांडेवाडीचे शुद्ध केलेले मैलापाणी कोराडीच्या वीजकेंद्राला पुरविले जाते. ज्याला शहर घाण म्हणते, तो उद्योगाचा कच्चा माल ठरतो. नीट चालविलेले केंद्र वीज वाचविते, पाणी देते, गाळातून वायू आणि खत देते. या संपत्तीचा पहिला उत्पादक केंद्राचा चालक आहे. त्याचा वाटा त्याला देणे म्हणजे उपकार नव्हे.

यापुढच्या वेतनकराराच्या बोलणीत कामगार संघटनांनी केवळ रुपयांचा आकडा घेऊन जाऊ नये. श्रेणींचा तक्ताही बरोबर न्यावा. तो तक्ता मंत्रालयातील कोणी तयार करून देणार नाही. नळकांड्यातील गाळ पाहून उद्याचे पाणी कसे असेल हे जे सांगू शकतात, त्यांनीच तो लिहावयाचा आहे.