पंपांतला बुश

मोटार हांकणारास गिअर बदलण्याचा त्रास पडूं नये म्हणून अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनीनें १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत हायड्रा-मॅटिक नांवाची स्वयंचलित गिअरपेटी दिली. अशा पेटीचें सारें सामर्थ्य तेलाच्या दाबांत असतें आणि तो दाब पंप निर्माण करतो. १९६४ सालीं निघालेली टर्बो हायड्रामॅटिक ४०० ही पेटी उदाहरणादाखल घेतां येईल.

या पेटींत टॉर्क कन्व्हर्टरची पोकळ मान पंपांत शिरून त्याचें चाक फिरविते. मऊ धातूचें अस्तर असलेल्या ज्या पातळ कड्यांत ही मान फिरते, तो बुश. तो झिजला कीं मान डगमगते, पुढचें सील गळूं लागतें, चाकें पंपाच्या भिंतीस घासतात, दाब उतरतो आणि क्लचच्या चकत्या घसरून जळतात. एवढ्याशा कड्यापायीं सबंध पेटी निकामी होते!

सील गळतें म्हणून नुसतें सील बदलणें, हा उतावळ्या कारागिराचा उपाय. डगमगणारी मान नवें सीलहि लवकरच खाऊन टाकते आणि मालकास एकाच दुखण्याचें मोल दोनदां द्यावें लागतें.

जाणता कारागीर जुना बुश काढण्यापूर्वींच त्याची खोली मोजून ठेवतो. काढतांना तो घरास ओरखडा पडूं देत नाहीं. सीलमागून तेल परत जाण्याची वाट मोकळी आहे ना, हेंहि तो पाहतो. ती तुंबली तर सांचलेलें तेल सीलच बाहेर ढकलतें. नवा बुश मापाच्या ठोकणीनें, अगदीं सरळ दाबून बसवावा लागतो. तिरका शिरल्यास त्याचें भोक वेडेंवांकडें होतें. चाकांच्या बाजूस वर डोकावल्यास तो चाकांना अडतो. जेथें तशी सोय असेल तेथें त्याची कड छिन्नीनें दाबून तो जखडतात आणि वर आलेला कंगोरा खरडून काढतात.

शेवटीं मान तेलानें माखून बुशांत घालावी. ती हातानें सहज फिरावी, पण डुलूं नये; कारण येथील फट इंचाच्या कांहीं सहस्रांशांचीच असते. मानेवरच चरे असतील, तर नव्या बुशाचा खर्च व्यर्थ होय.

गाडी धांवूं लागल्यावर बुश कोणाच्याहि दृष्टीस पडत नाहीं. तो नीट बसला होता, याची साक्ष गाडीखालची कोरडी जमीनच देते.