जुने सर्व्हर आणि दप्तराची जपणूक



दारव्हा-मोतीबाग स्थानकावरून जाणारी शकुंतला येथील जुन्या मंडळींच्या चांगल्या स्मरणात आहे. १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते. जुने यंत्र इतकी वर्षे चालते ते झिजलेला भाग वेळेवर बदलला जातो म्हणून. कार्यालयातील जुन्या सर्व्हरलाही हाच न्याय लागू आहे. मात्र इंजिनाचा भाग निकामी झाला तर गाडी थांबते. सर्व्हरच्या हार्ड डिस्क निकामी झाल्या तर दप्तरच नाहीसे होण्याचा धोका असतो.

हे दप्तर संगणकावर येण्याचा आरंभ शेजारच्या वर्धा जिल्ह्यात झाला. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणासाठी केंद्र शासनाने १९८८-८९ मध्ये निवडलेल्या आठ जिल्ह्यांत वर्ध्याचा समावेश होता. पुढे सातबारा राज्यभर संगणकावर आला आणि २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला. कागदाची वही वाळवी खाते हे सर्वांना ठाऊक आहे. डिस्कही झिजते, याचा मात्र विसर पडतो.

डिस्कमधील चकत्या मिनिटाला ७,२०० ते १५,००० फेऱ्या घेतात. ती कधीतरी बंद पडणारच, हे गृहीत धरून सर्व्हरमध्ये अनेक डिस्क ‘रेड’ पद्धतीने जोडतात. ‘रेड-५’ रचनेत एक डिस्क गेली तरी उरलेल्यांवरून माहिती पुन्हा उभी करता येते. ही उभारणी चालू असताना उरलेल्या, तितक्याच वयाच्या डिस्कवर मोठा ताण पडतो. त्यातच दुसरी बंद पडली, किंवा घाईत नादुरुस्त डिस्कऐवजी चांगलीच बाहेर काढली, तर सारे गमावण्याची वेळ येते.

बदली डिस्क निवडताना जोडणीचा प्रकार आधी पाहावा. स्कझी, सॅस आणि साटा हे प्रकार एकमेकांच्या जागी सर्रास चालत नाहीत. क्षमता मूळ डिस्कपेक्षा किंचितही कमी नसावी. सेक्टर ५१२ बाइटचा की ४,०९६ बाइटचा, हेही जुळले पाहिजे. जुन्या प्रकारच्या डिस्कचे उत्पादन थांबते. म्हणून सर्व्हर चालू असतानाच एखादी तपासलेली डिस्क राखीव ठेवणे शहाणपणाचे.

कामाचा क्रम चुकू नये. प्रथम माहितीची प्रत दुसऱ्या ठिकाणी घ्यावी आणि ती उघडून वाचून पाहावी. नंतर नादुरुस्त डिस्कचा क्रमांक दोघांनी ताडून पाहावा. मगच तिला हात लावावा. काढलेली डिस्क थेट भंगारात देऊ नये. तीवरील माहिती नष्ट करून ती ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत केंद्राकडे सोपवावी.

‘रेड’ ही प्रतीची जागा घेऊ शकत नाही. चुकून पुसलेली नोंद त्यातील सर्व डिस्कवरून एकाच वेळी पुसली जाते. डिस्क बाजारात पुन्हा मिळेल. मुलाच्या शाळेतील प्रवेशाची, घरपट्टीची किंवा वारसाची नोंद एकदा गेली, तर ती बाजारात मिळणार नाही. ज्याची नोंद हरवते, त्याला आपला हक्क सिद्ध करण्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. ती वेळ त्याच्यावर येऊ न देणे हेच दप्तर सांभाळणाऱ्याचे कर्तव्य आहे.