वाकणारे अवजार



कामगार चळवळीतल्या माणसाने नांदगावच्या या व्यासपीठावरून दुर्बिणीच्या आरशावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. माझे शिक्षण दहावीपुरते. पुढचे वाचनालयात आणि कारखान्याच्या दारात झाले. परंतु आरसा घासणे हे मुळात हातकाम आहे, म्हणून धीर करतो.

पुण्याच्या आयुका संस्थेने हौशी लोकांसाठी दुर्बीण बनविण्याच्या कार्यशाळा घेतल्या. त्यातली रीत सोपी आहे. काचेच्या दोन चकत्या घ्यायच्या. मध्ये पाणी आणि कार्बोरंडमची पूड. वरची चकती पुढेमागे ढकलायची, थोडी फिरवायची, आपणही भोवती फिरायचे. वरची खोलगट होते, खालची फुगीर. कसेही सरकवले तरी एकमेकींत चपखल बसणारा बाक फक्त गोलाचा असतो. म्हणून कडक अवजारातून गोलच निघतो.

पण ताऱ्याचे किरण एका बिंदूत आणायला गोल पुरत नाही. आरसा परवलयाकार लागतो. मध्ये बाक जास्त, कडेकडे कमी. सहा इंची आरशात हा फरक मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी असतो. दाबाखाली हळूहळू आकार बदलणाऱ्या डांबरी थरावर घासून तो हाताने साधता येतो. ८.४ मीटरच्या आरशात मात्र तोच फरक सुमारे दीड मिलिमीटर होतो. मोठे अवजार मध्ये बसले तर कडेला बसत नाही. लहान घ्यावे तर काम लांबते आणि काचेवर लाटा राहतात.

अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठात, फुटबॉलच्या प्रेक्षागाराखालील कार्यशाळेत, रॉजर एंजल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर तोड काढली. सुमारे १.२ मीटरची धातूची तबकडी मोटारींनी ताणून वाकवायची. ती मध्याकडून कडेकडे जाताना संगणक तिचा बाक क्षणोक्षणी बदलतो. आपल्याकडे बंगळूरजवळ होसकोटे येथे तीस मीटर दुर्बिणीच्या आरसेखंडांसाठी उलटी युक्ती योजली आहे: काचच ताणून वाकवायची, गोल घासायची आणि ताण सोडायचा. काच मोकळी होताच हवा तो आकार घेते.

आता माझी चूक सांगतो. पंचवीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात संगणकावर चालणारे ग्राइंडिंग यंत्र आले. आम्ही ते दारात अडविले. सहा आठवड्यांनी ते आत गेलेच. त्यावर बाहेरची मुले बसली. आणि ज्यांच्या बोटांना केसाएवढा फरक कळे, ते आमचे जुने ग्राइंडर घरी गेले. 'यंत्र नको' ही मागणी मी लिहिली होती. 'या यंत्रावर आमच्याच माणसांना शिकवा' असे लिहावयास हवे होते.

कारण तबकडी कितीही शहाणी झाली, तरी दर फेरीनंतर आरसा मोजावा लागतो. पुढे कोठे, किती घासायचे आणि कोठे थांबायचे, हे माणूस ठरवतो. जास्त घासली गेलेली काच पुन्हा भरून येत नाही. तो निर्णय ज्याला कळतो, त्याची यंत्रालाही गरज असते. संघटनेने ही गरज ओळखून वेळेवर मागणी करावी. मी उशिरा ओळखली. ज्यांची मुले आज कारखान्यात जात आहेत, त्यांनी उशीर करू नये.