मधुमेह आणि डोळ्यांचा पडदा



मधुमेह असलेली वडीलधारी मंडळी आम्हाला नेहमी विचारतात, "मला पेपर नीट वाचता येतो, मग पडद्याची तपासणी कशाला?" आजचे आमचे बोलणे या प्रश्नापुरतेच आहे.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जो पडदा असतो, त्याला दृष्टिपटल म्हणतात. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की त्यातील बारीक रक्तवाहिन्या कमजोर होऊन झिरपू लागतात. काही बंद पडतात व त्यांच्या जागी नव्या, अतिशय नाजूक वाहिन्या उगवतात. त्या फुटल्या की डोळ्यात रक्त उतरते. तोवर दुखत काहीच नाही. पडद्याचा मध्यभाग शाबूत असेल तर तक्त्यावरची शेवटची ओळही वाचता येते! म्हणून चष्म्याचा नंबर काढला म्हणजे डोळे तपासले, असे समजू नये. थेंब घालून, बाहुली मोठी करून पडदा पाहावा लागतो. थेंबांमुळे काही तास धूसर दिसते, त्या दिवसाचा रोज बुडतो. हातावर पोट असणाऱ्याला हे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. तरीही वर्षातून एक दिवस द्यावाच. मोठेपणी मधुमेह जडलेल्यांनी निदान होताच पहिली तपासणी करावी. मधुमेही भगिनीने गरोदरपणी पहिल्या तीन महिन्यांतच करावी.

पूज्य बाबासाहेबांना मधुमेह होता आणि अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टीही मंदावली होती. त्या काळी आजचा लेझर नव्हता. लेझरमुळे दृष्टी गंभीरपणे जाण्याचा धोका निम्म्याहून अधिक घटतो, हे अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाने १९७६ साली दाखवून दिले.

मात्र लेझरनंतर "काही फरक पडला नाही" म्हणून पुष्कळजण पुन्हा फिरकत नाहीत. अहो, लेझर गेलेली नजर आणण्यासाठी नसतो, उरलेली राखण्यासाठी असतो. मध्यभागी सूज असेल तर डोळ्यात इंजेक्शन देतात; त्याने अनेकांची नजर सुधारते, पण एका इंजेक्शनात भागत नाही. साचलेले रक्त हटत नसेल किंवा पडदा ओढला गेला असेल, तर शस्त्रक्रिया. साखर आणि रक्तदाब ताब्यात नसतील तर हे सारे उपाय अपुरे पडतात.

एक गृहस्थ आमच्याकडे आले, तेव्हा त्यांचा उजवा डोळा रक्ताने भरला होता. "डावा चांगला आहे," म्हणाले. आम्ही थेंब घालून पाहिले, तर डाव्यातही नव्या वाहिन्या! त्याच आठवड्यात लेझर सुरू केला. आता दर चार महिन्यांनी ते त्या डोळ्याच्या भरवशावर एकटेच बसने तपासणीला येतात.