नोकरी सांभाळून व्यायाम

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



‘व्यायाम करायचाय हो, पण वेळच मिळत नाही.’ हे वाक्य मी सबब मानत नाही. पहाटे उठून डबे भरायचे, बदलापूर-कर्जतकडून येणाऱ्या लोकलमध्ये कसेबसे शिरायचे, दिवसभर खुर्चीत बसायचे आणि दिवेलागण उलटून गेल्यावर घरी यायचे. या दिवसात वेळ उरत नाही हे अगदी खरे आहे. म्हणूनच उरलेल्या वेळात व्यायाम करू, हा हिशोब सोडून द्या. व्यायामाला जागा करायची ती कामाच्या दिवसातच.

हे मी कशाच्या आधारावर म्हणतो, ते सांगतो. लंडनमधले डॉ. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये दुमजली बसवरच्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बस तीच, रस्ते तेच, वस्ती आणि राहणीही साधारण सारखी. ड्रायव्हर दिवसभर बसून. कंडक्टर मात्र तिकिटे फाडत वरखाली करणारा, पाळीला सहाशेच्या आसपास पायऱ्या चढणारा. हृदयविकार ड्रायव्हरांमध्ये जास्त निघाला. कंडक्टरांमध्ये तो कमी, उशिरा आणि कमी जीवघेणा. यावर शंका घेता येते, की मुळात सडपातळ माणसेच कंडक्टर होत असतील. मॉरिस यांनाही ती आली. मग त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गणवेशाच्या पँटींची मापे तपासली आणि १९५६ साली मांडली. ड्रायव्हरांची कंबर मोठी होती खरी, तरी कंडक्टरांना मिळालेले संरक्षण केवळ कंबरेच्या मापाने उलगडले नाही.

पण आपण कुणी कंडक्टर नाही, आपण टेबलावरची माणसे. आपल्यासाठी मॉरिस यांचे पुढचे काम अधिक मोलाचे आहे. १९६८ ते १९७० या काळात त्यांनी १६,८८२ सरकारी अधिकाऱ्यांना, सगळे चाळिशी ओलांडलेले पुरुष, पूर्वसूचना न देता सोमवारी सकाळी विचारले : गेल्या शुक्रवारी आणि शनिवारी तुम्ही काय काय केलेत, ते लिहून द्या. फिरणे, बागकाम, पोहणे, सगळे मिनिटांसकट. १९७३ साली निष्कर्ष आला. कामाबाहेरच्या वेळात दम लागेल अशी हालचाल करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या मानाने साधारण एक-तृतीयांश होता. नोकरी पूर्ण वेळेची, खुर्ची तीच, तरीही एवढा फरक.

आणखी एक निष्कर्ष त्यांनी १९९० साली मांडला. तरुणपणी भरपूर खेळलेल्या पण पुढे खेळ सोडलेल्यांना त्याचा फायदा उरला नव्हता. ‘कॉलेजात असताना कबड्डी खेळायचो’ असे सांगणाऱ्या माझ्या समवयस्कांनी हे जरूर लक्षात ठेवावे. कमावलेली तालीम साठवून ठेवता येत नाही.

आता आपल्याकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले प्रमाण असे : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचा, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा. सलग दहा मिनिटे तरी हवीतच, ही जुनी अट त्यांनी काढून टाकली. नोकरदाराच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. तुकडे चालतात.

सीएसएमटीला उतरून शेअर टॅक्सीच्या रांगेत उभे राहणाऱ्यांनी हिशोब करून पाहावा. मंत्रालयापर्यंतचे अंतर झपाझप चालले तर वीस-पंचवीस मिनिटांचे. जाता-येता चालले की पाच दिवसांत दोनशे मिनिटे होतात, आणि त्यातला बराचसा वेळ एरवी रांगेत गेलाच असता. वेग किती हवा? शेजाऱ्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका. ताकदीसाठी जोर आणि बैठका आहेत, त्यांना चटईएवढी जागा पुरते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला, संस्थानातल्या शाळांतही तो नेला. सामान न लागणारा असा व्यायाम आपल्या घरातच असताना जिमची वर्गणी भरली नाही म्हणून अडून राहू नये. अंघोळीआधी बारा नमस्कार घाला. वेळ ठरलेली असली की रोज नव्याने मन वळवावे लागत नाही. ज्यांना बराच काळ सवय नाही, किंवा छातीत दुखण्याचा, रक्तदाबाचा त्रास आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावे आणि हळूहळू वाढवावे.

बायकांबद्दल मात्र मी वेगळे बोलणार आहे. २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतातल्या सुमारे ५७ टक्के स्त्रियांची हालचाल पुरेशी नाही. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के आहे. बाई दिवसभर राबते आणि तरी तिला व्यायाम मिळत नाही, कारण ओट्यापाशी उभे राहण्याने थकवा येतो, दम वाढत नाही. तिला ‘पहाटे अर्धा तास आधी ऊठ’ असा सल्ला देणे मला क्रूरपणाचे वाटते. तिची झोप आधीच तोकडी आहे. तो अर्धा तास घरातल्या दुसऱ्या कुणीतरी पोळ्या लाटून, मुलांचे दप्तर भरून तिला मोकळा करून द्यायचा आहे. नवऱ्यांनी आणि मोठ्या मुलांनी हे आजच घरी गेल्यावर ठरवावे.

शेवटी सभागृहात बसलेल्या कार्यालयप्रमुखांना, सोसायटीच्या सचिवांना विनंती. कितीतरी इमारतींत जिन्याच्या दाराला कुलूप असते, नाहीतर जुन्या फायली आणि मोडक्या खुर्च्या पायऱ्यांवर रचलेल्या असतात. दिवा बंद, कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या. मग माणूस लिफ्टपुढे उभा राहतो आणि दोष त्याच्या आळसाला दिला जातो. तो जिना मोकळा करा, धुऊन घ्या, तिथे दिवा लावा. आणि कार्यालय सुटायच्या वेळेला बैठक बोलावू नका.