वादळाच्या मुलखात बदली

घाटावरच्या एखाद्या गुरुजींची बदली रोहे तालुक्यातल्या खांबला झाली, की सामान उतरायच्या आधीच घरात विषय निघतो, "तिकडं वादळं होतात म्हणे!"

ही भीती अगदीच खोटी नाही. ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला लागले. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर! पत्रे उडाले, नारळी-पोफळी आडव्या झाल्या. समुद्र लांब असूनही रोहे तालुका सुटला नाही.

पण चक्रीवादळ सांगून येते. त्या खेपेसही हवामान खात्याचा इशारा दोन दिवस आधी मिळाला होता. नुसते बसून राहिले, की भीती वाढते. म्हणून ते दोन दिवस कामाला लावा. पत्रे आवळा, घरावर झुकलेल्या फांद्या छाटा, प्यायचे पाणी भरा, रेडिओला नवे सेल घाला. घर कच्चे असेल, तर वारा सुटण्यापूर्वीच पक्क्या इमारतीत जा.

आणखी एक. भर वादळात वारा एकाएकी पडला, तर वादळ गेले समजून बाहेर धावू नका. तो वादळाचा मध्य असू शकतो. थोड्या वेळाने वारा उलट दिशेने तितक्याच जोराने येतो.

गुरुजी, पोरे तुमच्या तोंडाकडे बघतात. त्यांना धीराचे नुसते शब्द नकोत, काम द्या. उद्या वर्गात एवढेच विचारा: आपल्या गावात सर्वांत पक्के छप्पर कोणते, आणि तिथवर आजीला कोण नेणार?