घर सजवू, पण डोक्यावर काही टांगायचं नाही



भात झोडून झालं, पेंढा रचून झाला, कणगीत दाणे पडले. आता कुठे घराकडे बघायला जरा सवड मिळते. आपल्या डहाणू-तलासरीकडे भिंती सारवायचे, ओटा नीट करायचे हेच दिवस. पुढे लग्नसराई, पाहुणेरावळे. म्हणून आज आम्ही गटातल्या बाया तुमच्याशी घर सजवण्याबद्दल बोलणार आहोत. खर्च थोडा करायचा, आणि आपल्याकडची जमीन हलते हे विसरायचं नाही.

नोव्हेंबर २०१८ आठवतो ना? धुंदलवाडीच्या बाजूला धक्के सुरू झाले आणि थांबेनातच. १ फेब्रुवारी २०१९ ला तर ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. ऐन थंडीत लेकरंबाळं घेऊन लोक घराबाहेर, तंबूत झोपले. नंतरही अधूनमधून धक्के बसत राहिले. हळूहळू सवय झाली. पण सवय झाली म्हणून धोका गेला असं होत नाही. हे आम्ही आमच्याच चुकीतून शिकलो.

झालं असं, की गटातल्या एका वहिनींना नवीन घरकुल मिळालं. सिमेंटच्या कोऱ्या भिंती, घर उदास वाटायचं. आम्हीच पुढाकार घेतला. भिंतीला फळी ठोकली, तिच्यावर मनीप्लांटच्या मातीच्या तीन कुंड्या मांडल्या. खोली अशी खुलली, की आजूबाजूच्या बाया बघायला आल्या. एका रात्री धक्का बसला आणि मधली कुंडी खाली आली, ती थेट पोराच्या उशीवर. पोरगं थोड्याच वेळापूर्वी उठून आजीच्या गोधडीत शिरलं होतं, म्हणून वाचलं. वहिनी आम्हाला काही बोलल्या नाहीत. पण ती फुटकी कुंडी आम्ही बैठकीत मधोमध ठेवली आणि त्या दिवशी हप्त्याआधी हाच विषय घेतला.

तेव्हापासून आम्ही काही नियम पाळतो. कुंडी जमिनीवर किंवा ओट्यावर, गुडघ्याच्या वर नाही. अंथरुणाच्या आणि पाळण्याच्या वर फळी नको, काचेची फ्रेम नको, टांगलेली कुंडी नको. दाराची वाट मोकळी. उंबऱ्याशी कुंड्यांची रांग सुंदर दिसते, पण अंधारात बाहेर पळताना तीच पायात येते. टांगायचंच असेल तर हलकं टांगा: नारळाच्या करवंटीत लावलेलं रोप, बांबूची छोटी टोपली, आणि तेही माणसं बसत-झोपत नाहीत अशा कोपऱ्यात.

आता झाडं कुठली? कोरफड, तुळस, पानाचा ओवा घराघरात आहेच. ओव्याचं पान पोरांच्या खोकल्यालाही उपयोगी पडतं. या तिघांना ऊन लागतं, म्हणून ती सकाळचं ऊन येतं अशा खिडकीशी किंवा दाराशी ठेवा. कमी उजेडाच्या कोपऱ्यात मनीप्लांट चालतो. थंडीत माती लवकर सुकत नाही, तेव्हा रोज पाणी ओतू नका. बोट खुपसून बघा, कोरडं लागलं तरच घाला. बाटलीत मनीप्लांट लावला असेल तर दर आठवड्याला पाणी बदला आणि बाटली आतून घासा, नाहीतर डेंगीच्या डासाला आपणच घर देतो. आणि एक, पांढरे ठिपके असलेल्या मोठ्या पानांचं डिफेनबेकिया नावाचं झाड बाजारात मिळतं. दिसायला छान, पण पान चावलं तर तोंड भाजल्यासारखं होतं, जीभ सुजते. घरात रांगणारं मूल असेल तर ते आणूच नका. मनीप्लांटचं पानही मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका.

आणि भिंत? मैत्रिणींनो, न पडणारी, वजन नसलेली सजावट तर आपल्याच हातात आहे. गेरूचा हात द्यायचा, तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, थोडा डिंक घालायचा आणि बांबूची काडी टोकाला ठेचून कुंचला करायचा. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, वारली चित्र जगभर गेलं. पण त्याआधी कितीतरी पिढ्या हे चित्र भिंतीवर काढत होत्या त्या बायकाच. लग्नाचा चौक आणि त्यातली पालघट देवी मात्र लग्नासाठीच राहू द्या, ती शोभेची वस्तू नाही. रोजच्या भिंतीवर तारपा नाच काढा, शेत काढा, ताडाचं झाड काढा. आमच्या गटात एक विधवा ताई आहेत. लग्नाचा चौक काढायला सवाशिणी लागतात, म्हणून त्यांनी काडी हातात धरणंच सोडलं होतं. त्या वहिनींच्या घरातली भिंत यंदा या ताईंनी काढली. फळी होती त्याच जागी आता ताडाचं झाड आहे, आणि त्याच्याखाली पोरगं बिनधास्त झोपतं.

फक्त भिंतीला भेग असेल तर ती गेरूखाली झाकू नका. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करा, तारीख लिहा. भेग खुणेच्या पुढे गेली तर ग्रामपंचायतीला कळवा, जाणत्या गवंड्याला दाखवा. सगळी भिंत रंगवा, तेवढी जागा सोडा. त्यात लाज कसली?

आज रात्री अंथरूण घातलंत, की एकदा आडवं व्हा आणि वर बघा. डोक्यावर काय आहे? पडण्यासारखं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, तेव्हाच उठून खाली काढा.

येतो आम्ही. जोहार!